औरंगाबाद जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षण : अभ्यासक्रम-परिवर्तन आणि शिक्षक-प्रशिक्षणाची वाटचाल (१९४८ ते २०२०)

प्रस्तावना

अध्यापन, अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही प्राथमिक शाळेच्या सुधारणेची तीन अंगे मानली जातात. शासकीय कागदपत्रांत ती नेहमी एकत्र नांदतात. प्रत्यक्षात मात्र त्यांची गती एक नसते. अभ्यासक्रम राज्यपातळीवर ठरतो आणि एका आदेशाने सर्व जिल्ह्यांत एकाच जूनमध्ये लागू होतो. पाठ्यपुस्तक त्यामागोमाग शाळेत पोचते. शिक्षकाची फळ्यापुढे उभे राहण्याची रीत मात्र आदेशाने बदलत नाही. ती बदलण्यासाठी वर्गात आलेली अडचण कोणाला तरी सांगता यावी लागते आणि त्या कोणाला तरी ती समजावीही लागते.

औरंगाबाद जिल्ह्याचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) स्वातंत्र्योत्तर शैक्षणिक इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. हैदराबाद संस्थान, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा तीन शासनव्यवस्था या जिल्ह्याने अवघ्या बारा वर्षांत पाहिल्या. पुढे केंद्र शासनाचा महत्त्वाकांक्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम राज्यात ज्या पाच जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाला, त्यांतही त्याचा समावेश होता. योजनांचा तुटवडा येथे सहसा जाणवला नाही. तरीही प्रत्येक योजनेनंतर नेमके काय उरले, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला असून कालखंडाला अनुसरून जिल्ह्याचे जुने नाव वापरले आहे.

संस्थानी वारसा

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील मुलांची मातृभाषा आणि राज्यकारभाराची भाषा यांत मोठे अंतर होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग स्वतंत्रपणे पाहिला तर धाडसीच म्हणावा लागेल; परंतु मराठी, तेलुगू व कन्नड भाषक प्रजेला त्याचा लाभ बेताचाच झाला. खालच्या इयत्तांत मराठीला जागा असली तरी पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याला उर्दूचा उंबरठा ओलांडावाच लागे. खाजगी शाळा काढण्यासाठी पूर्वपरवानगीचे बंधन होते आणि त्यामुळे समाजाच्या पुढाकाराला मर्यादा पडत. अशा परिस्थितीत १९१५ साली औरंगाबादेत सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारख्या शाळांनी मराठी शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला. या शाळांचे मोल त्यांच्या पटसंख्येवरून मोजता येणार नाही. पुढील पिढीतील शिक्षक, पत्रकार व कार्यकर्ते अशाच शाळांतून घडले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. राजकीय बदल काही दिवसांत घडला. शाळेतील बदलाला वर्षे लागली. ज्यांचे स्वतःचे शिक्षण आणि प्रशिक्षण उर्दूतून झाले होते, त्यांना आता गणित, भूगोल आणि इतिहास मराठी परिभाषेत शिकवायचा होता. त्रैराशिक, अक्षांश, सनावळी या साध्या वाटणाऱ्या संज्ञाही अशा शिक्षकासाठी नव्याने शिकण्याच्या गोष्टी होत्या. स्वातंत्र्योत्तर काळातील शिक्षक-विकासाचा पहिला धडा औरंगाबादेत असा भाषेपासून सुरू झाला. मात्र उर्दू शाळाही टिकल्या, आणि ती इष्टच गोष्ट होती. जिल्हा परिषदेच्या व महानगरपालिकेच्या उर्दू शाळा हे या जिल्ह्याचे आजही वैशिष्ट्य आहे. कोणतेही प्रशिक्षण आखताना त्याचे साहित्य दोन भाषांत लागते, याचे भान वरिष्ठ कार्यालयांना नेहमी वेळेवर राहिले असे मात्र दिसत नाही.

१९५२ साली हैदराबाद राज्याने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. मुंबईचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा पश्चिम महाराष्ट्रात, मध्य प्रांताकडून आलेला कायदा विदर्भात आणि हैदराबादचा कायदा मराठवाड्यात अशी एकाच राज्यात तीन कायद्यांची स्थिती दीर्घकाळ राहिली. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत एकसूत्रता आणण्याचे काम जानेवारी १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजेच बालभारतीने केले. ‘बालभारती’चे पुस्तक हाती आल्यावर वैजापूरच्या आणि साताऱ्याच्या मुलाचा धडा एक झाला. शिक्षकाची तयारी एक झाली होती असे मात्र नव्हे.

जिल्हा परिषद आणि तपासणीची परंपरा

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविण्यात आले. मराठवाड्यात याला एक वेगळी जोड होती. संस्थानकाळातील सरकारी माध्यमिक शाळाही येथे जिल्हा परिषदेकडे आल्या. ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हा शब्द पुण्या-नाशिककडील वाचकाला काहीसा अपरिचित वाटेल, पण मराठवाड्यातील बहुतेक मोठ्या गावांत तो शाळेच्या कमानीवर लिहिलेला आढळतो. पहिलीपासून दहावीपर्यंतची शाळा एकाच संस्थेच्या ताब्यात असणे ही शैक्षणिकदृष्ट्या मोठी संधी होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचे संकुल उभारावे, त्यांतील शिक्षकांनी एकमेकांच्या अनुभवाचा लाभ घ्यावा, अशी शिफारस केली होती. अशा संकुलाला लागणारा सांगाडा मराठवाड्यात आयता उपलब्ध होता. त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही.

याचे एक कारण तपासणीच्या परंपरेत सापडते. शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शाळेत यावे, हजेरीपट, पाठटाचण व जडसंग्रह नोंदवही पाहावी, मुलांना दोन-चार प्रश्न विचारावेत आणि शेऱ्याच्या वहीत शेरा लिहून निघावे, अशी ही पद्धत होती. अधिकारी व्यक्तिशः सहृदय असला तरी व्यवस्थेने त्याला दोष शोधण्याचेच काम नेमून दिले होते. ज्याच्या शेऱ्यावर वेतनवाढ अवलंबून आहे, त्याच्यापुढे ‘भागाकार मुलांना समजत नाही, कसा शिकवू?’ असे शिक्षक विचारील, ही अपेक्षाच चुकीची ठरते. गटसंमेलनांची प्रथा होती; तेथे आदर्श पाठ घेतले जात, चर्चाही होई. परंतु बऱ्याचदा त्या संमेलनाचा मोठा भाग वेतन, रजा आणि माहितीचे तक्ते यांतच जाई.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ नंतर चित्र बदलू लागले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. साहित्य आले, पण ते फुटले तर भरपाई कोणी करावयाची, या भीतीने अनेक ठिकाणी कपाटातच राहिले. जडसंग्रह नोंदवहीत नोंद झालेली वस्तू मुलांच्या हाती देणे हे जोखमीचे काम होते. साहित्य पुरविणे आणि ते वापरण्याचा अधिकार देणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या मोहिमेतून स्पष्ट झाले. याच काळात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन होऊ लागल्या. शिक्षक-प्रशिक्षणाला जिल्हा पातळीवर प्रथमच स्वतंत्र घर मिळाले.

१९९४ : जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि केंद्र

१९९४ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. त्या वर्षी देशातील सात राज्यांच्या ४२ जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांची निवड झाली. पाचही जिल्हे मराठवाड्यातील होते. बीड आणि जालना हे मराठवाड्यातील उरलेले दोन जिल्हे धुळे व गडचिरोली यांच्यासह दुसऱ्या टप्प्यात आले. निवडीचे मुख्य निकष दोन होते: स्त्री-साक्षरतेचे राष्ट्रीय सरासरीहून कमी प्रमाण (१९९१ च्या जनगणनेनुसार ही सरासरी सुमारे ३९ टक्के होती) आणि साक्षरता अभियानाने प्राथमिक शिक्षणाची मागणी निर्माण केलेले जिल्हे. मागासलेपणाचा हा शिक्का अभिमानाचा नव्हता. पण त्यामुळे निधी आला. प्रत्येक जिल्ह्यासाठी कमाल मर्यादा ४० कोटी रुपयांची होती आणि खर्चाचा ८५ टक्के वाटा केंद्राकडून, १५ टक्के राज्याकडून यायचा होता. केंद्राच्या वाट्यामागे जागतिक बँकेसारख्या संस्थांचे साहाय्य होते.

या कार्यक्रमाच्या आराखड्यातील एक तरतूद अर्थपूर्ण आहे. बांधकामावर एकूण खर्चाच्या २४ टक्क्यांहून अधिक आणि व्यवस्थापनावर ६ टक्क्यांहून अधिक रक्कम खर्च करता येणार नव्हती. उर्वरित रक्कम शिकण्या-शिकविण्याच्या कामावर खर्च करणे त्यामुळे भाग पडले. गळती दहा टक्क्यांच्या खाली आणणे आणि भाषा व गणितातील सरासरी संपादणूक प्रारंभिक पाहणीच्या तुलनेत २५ टक्क्यांनी वाढविणे ही उद्दिष्टे होती. त्यासाठी तालुका पातळीवर गट साधन केंद्र आणि शाळांच्या समूहासाठी समूह साधन केंद्र अशी रचना झाली.

त्याच वर्षी राज्य शासनाने केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही व्यवस्था संपूर्ण महाराष्ट्रात आणली. राज्यभर ४८६० केंद्रे निर्माण झाली. साधारणपणे दहा-बारा शाळा, त्यांतील शिक्षक आणि त्यांना शैक्षणिक मार्गदर्शन करणारा एक केंद्रप्रमुख असे त्याचे स्वरूप होते. केंद्रप्रमुखाने शाळेत जावे, वर्गात बसावे, स्वतः पाठ घेऊन दाखवावा आणि महिन्यातून एकदा सर्व शिक्षकांना एकत्र बोलवावे अशी कल्पना होती. कोठारी आयोगाने सुचविलेले संकुल जवळजवळ तीन दशकांनंतर वेगळ्या नावाने अवतरले असे म्हणता येईल.

औरंगाबादेत या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हा योग महत्त्वाचा होता. सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, तर वैजापूर-गंगापूर गोदावरीच्या बाजूला. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व शिक्षकांना वारंवार बोलावणे अव्यवहार्य होते. केंद्र मात्र सायकलीच्या टप्प्यात होते. एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाची खरी अडचण दोन वर्ग एकाच खोलीत कसे हाताळावेत ही असे. मोठ्या शहरातील व्याख्यात्याला तिचा अनुभव नसे. शेजारच्या वाडीवरील शिक्षकाला असे. तो पहिलीच्या मुलांना चिंचोके मोजायला देऊन तिसरीला पाढे विचारी आणि मग दोन्ही गटांची अदलाबदल करी. बहुवर्ग अध्यापनाचे हे शहाणपण केंद्रसंमेलनातच देवाणघेवाणीला आले.

प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये आणि शाळेला २००० रुपये देण्याची तरतूद याच कार्यक्रमात होती. रक्कम किरकोळ आहे, परंतु तिचे स्वरूप निराळे होते. कार्डशीट घ्यावे, रंग घ्यावेत की मणी आणि आइसक्रीमच्या काड्या घ्याव्यात, हे शिक्षकाने ठरवायचे होते. प्राथमिक शिक्षकाच्या निर्णयबुद्धीवर शासनाने ठेवलेला हा विश्वास पूर्वी क्वचितच दिसला होता. त्या काळातील ‘आनंददायी शिक्षण’ या घोषणेची पुढे थोडी थट्टाही झाली, कारण काही ठिकाणी गाणी आणि टाळ्या यांपलीकडे ते गेले नाही. तथापि गणित पेटीतील साहित्य मुलांच्या हाती देण्याचा संकोच या काळात कमी झाला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

प्रशिक्षणाची उतरंड

अभ्यासक्रम मात्र आपल्या गतीने बदलत होता. १९८८, १९९५, २००४ आणि २०१२ अशा चार प्राथमिक अभ्यासक्रमांतून १९८५ च्या आसपास नोकरीस लागलेला शिक्षक गेला. १९९५ चा अभ्यासक्रम किमान अध्ययन क्षमतांवर आधारलेला होता. ‘धडा शिकविला’ याऐवजी ‘क्षमता प्राप्त झाली’ असे म्हणावयास शिक्षकाने शिकावयाचे होते. हा बदल वरवरचा नव्हता. धडा शिक्षकाने संपविला की संपतो. क्षमता मुलाला आली तरच येते. परंतु या बदलासाठीचे प्रशिक्षण उतरंडीच्या पद्धतीने दिले गेले. राज्य पातळीवरील साधन व्यक्तींनी जिल्ह्याच्या साधन व्यक्तींना, त्यांनी गटाच्या साधन व्यक्तींना आणि त्यांनी शिक्षकांना शिकवावयाचे होते. वरच्या पातळीवर पाच दिवस चाललेली चर्चा खाली येईपर्यंत टिपणवहीतील मुद्द्यांपुरती उरे. ‘का’ हा भाग वाटेत गळून पडे आणि ‘कोणता तक्ता भरावा’ हा भाग शाबूत पोचे. क्षमतांच्या नोंदी ठेवण्याचे तक्ते म्हणूनच शाळाशाळांत पूर्ण होते आणि वाचता न येणारी मुले त्याच तक्त्यांत उत्तीर्ण होती.

सर्व शिक्षा अभियानात दरवर्षी प्रत्येक शिक्षकाला वीस दिवस सेवांतर्गत प्रशिक्षण देण्याचे मानक ठरले. मानक उत्तम होते, पण ‘वीस दिवस’ हाच हिशेबाचा एकक झाल्याने किती शिक्षकांना किती दिवस बसविले याची मोजणी झाली. परतल्यावर वर्गात काय बदलले याची झाली नाही. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला चारही वर्ग सांभाळावे लागत. प्रशिक्षणाविषयी शिक्षकांत जो कंटाळा दिसे, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तोपर्यंत तो पाचवीपासून होता. हा निर्णय लोकप्रिय होता आणि ग्रामीण पालकांना तो हवाही होता. ज्या शिक्षकाने स्वतः पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविली आणि बारावीनंतर इंग्रजीत चार वाक्ये बोलण्याची वेळ ज्याच्यावर कधी आली नाही, त्याला सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत संवाद साधायचा होता. या प्रश्नाशी औरंगाबादचा संबंध दुहेरी आहे. कारण राज्यातील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्थापन झालेली राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्था याच शहरात होती. पुढे तिचे प्रादेशिक विद्या प्राधिकरणात रूपांतर झाले. संस्था शहरात आणि अडचण शहरापासून दूरवरील कन्नड-सोयगावच्या शाळांत, हे अंतर उतरंडीच्या प्रशिक्षणाने फारसे कमी झाले नाही.

याच संस्थेत २०१६ मध्ये ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘तेजस’ हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा वेगळा मार्ग निवडला गेला. प्राथमिक शाळांतील इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांचे स्थानिक गट, ‘टीचर अ‍ॅक्टिव्हिटी ग्रुप’, तयार करण्यात आले. हे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसत, एखादी कृती करून पाहत, आपापल्या वर्गात तिचा अवलंब करीत आणि पुढच्या भेटीत काय जमले, काय फसले ते सांगत. भ्रमणध्वनीवरील गटांतून मधल्या काळातही त्यांचा संवाद चाले. नाव परके असले तरी त्यातील मूळ कल्पना नव्वदीच्या दशकातील केंद्रसंमेलनाचीच होती.

कायदा, रचनावाद आणि रिकामी खुर्ची

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. परीक्षेचे भय घालवून मुलाच्या प्रगतीची वर्णनात्मक नोंद ठेवणे हा तिचा हेतू. नोंदींचे नमुने बाजारात छापील पुस्तिकांत मिळू लागले, तेव्हा पुन्हा तेच घडले: मूल पाहून लिहावयाची नोंद पुस्तिका पाहून लिहिली गेली. ज्या केंद्रांत शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गातील मुलांच्या वह्या समोर ठेवून नोंदींवर चर्चा केली, तेथे या पद्धतीला अर्थ आला.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये झालेले ज्ञानरचनावादी काम या संदर्भात उल्लेखनीय आहे. तेथील वर्गातील जमिनीवरची रेखाटने, गटात बसून स्वतः शिकणारी मुले पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ उपक्रमाने त्याला पाठबळ दिले. परतलेल्या अनेकांनी प्रथम फरशी रंगविली. फरशी रंगविणे सोपे होते. कुमठ्यातील शिक्षकांनी ते काम महिनोन्महिने एकत्र बसून उभे केले होते, ही गोष्ट भेटीत दिसत नाही आणि छायाचित्रातही येत नाही. शहराजवळील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेतील मुले जपानी भाषा शिकू लागल्याची वार्ता २०२० मध्ये देशभर गाजली, तेव्हाही कौतुक मुलांचे झाले. साधनांच्या अभावी अडून न राहणाऱ्या शिक्षकांकडे लक्ष कमी गेले.

केंद्रप्रमुख या पदाचा पुढील इतिहास मात्र उत्साहवर्धक नाही. शैक्षणिक मार्गदर्शनासाठी निर्माण झालेले हे पद हळूहळू माहिती संकलनाचे ठाणे बनले. शालेय पोषण आहार, शिष्यवृत्ती, गणवेश, आधार नोंदणी, बांधकाम आणि ऑनलाइन प्रणाली या प्रत्येकाची माहिती ‘आजच्या आज’ हवी असते आणि ती केंद्रातूनच वर जाते. २००९ च्या अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. परंतु माहितीचे तक्ते भरणे हे काम अशैक्षणिक ठरते की नाही, याचा निर्णय कायद्याने केला नाही. दरम्यान अनेक केंद्रांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. अशा ठिकाणी केंद्राचा अतिरिक्त कार्यभार एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा ज्येष्ठ पदवीधर शिक्षकाकडे दिला जातो. तो स्वतः एका वर्गाचा शिक्षक असतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी त्याची मुले शेजारच्या वर्गात नेऊन बसविली जातात आणि परिषद संपल्यावर तो प्रथम संगणकासमोर बसतो, कारण उपस्थितीची माहिती सायंकाळी पाचपूर्वी पाठवावयाची असते.